अँटेनाचं सिम्युलेशन आणि रिकामे बसलेले कोअर

सोळा कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे गणित करणारं एकक) मशीनवर अँटेनाचं एखादं मोठं मॉडेल चालवायला टाका आणि टास्क मॅनेजर उघडा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतं ते असं: एक कोअर जीव तोडून राबतोय आणि बाकीचे पंधरा नुसते बसून आहेत. मग पहिला विचार येतो तो हाच की, काम सोळा जणांत वाटून टाकलं तर एका तासाचं काम चार मिनिटांत उरकेल. तसं सहसा होत नाही. का होत नाही आणि काय केलं तर बरंचसं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण वेग वाढवण्याचं अर्धं काम कोअर मोजण्याचं नसून काम नेमकं कुठे तोडायचं ते ओळखण्याचं असतं.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते पाहू. तारांच्या अँटेनासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं गणित म्हणजे मेथड ऑफ मोमेंट्स. त्यावर उभा असलेला एनईसी-२ हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९८१ साली त्याची कागदपत्रं प्रसिद्ध झाली. भाषा फोरट्रान. तो सर्वांना मोफत उपलब्ध असल्याने आजही ४नेक२, एक्सनेक२सी अशा कितीतरी प्रोग्रॅमच्या पोटात तेच इंजिन धडधडतंय. हौशी रेडिओवाल्यांपासून संशोधकांपर्यंत सगळ्यांनी त्यावर विश्वास टाकलाय, आणि तो विश्वास त्याने कमावलेला आहे. पण तो लिहिला गेला तेव्हा संगणकाला प्रोसेसर एकच असायचा आणि मेमरी इतकी तुटपुंजी की प्रत्येक बाइट जपून वापरावी लागे. कोअर रिकामे बसतात त्याचं मूळ तिथे आहे.

पद्धत अशी. तारेचे छोटे छोटे तुकडे करायचे, त्यांना सेगमेंट म्हणतात. प्रत्येक सेगमेंटमधून किती विद्युतप्रवाह वाहतो हे आपल्याला ठाऊक नसतं, तेच शोधायचं असतं. एका सेगमेंटमधल्या प्रवाहाचा परिणाम बाकीच्या प्रत्येक सेगमेंटवर होतो. म्हणून हजार सेगमेंट असतील तर हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख आकड्यांची मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) भरावी लागते. मग ती मॅट्रिक्स सोडवायची, म्हणजे हजार समीकरणं एकदम सोडवायची. प्रवाह मिळाले की इम्पीडन्स (अँटेना प्रवाहाला किती अडथळा करते), एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचं माप), रेडिएशन पॅटर्न (कोणत्या दिशेला किती शक्ती जाते) हे सगळं त्यांच्यावरून काढता येतं.

सेगमेंट किती लांब ठेवायचा याचा सर्वसाधारण नियम आहे: तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी, आणि नाजूक जागी विसाव्या हिश्शापर्यंत. दहा एलिमेंटच्या यागीला (एका दांडीवर समांतर काड्या, म्हणजे एलिमेंट, बसवलेल्या अँटेनाला) प्रत्येकी २१ सेगमेंट दिले तर एकूण २१० होतात. आजच्या मशीनला हे काहीच नाही. पण त्याच पद्धतीने जहाजाचा किंवा मोटारगाडीचा पत्रा तारांच्या जाळीने उभा करायचा म्हटलं की सेगमेंट हजारांत जातात. वर आणखी एक गोष्ट. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की तरंगलांबी निम्मी होते, जाळी दोन्ही दिशांनी दुप्पट दाट करावी लागते, आणि सेगमेंट चौपट होतात.

आता वेळेचा हिशोब. सेगमेंटची संख्या एन धरा. मॅट्रिक्स भरण्याचं काम एनच्या वर्गाने वाढतं आणि ती सोडवण्याचं काम घनाने. म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट, सेगमेंट चौपट, मेमरी सोळापट आणि सोडवण्याचं काम चौसष्टपट! मोठी मॉडेल अचानक अडून बसतात ती याच घनामुळे.

आकड्यांत पाहू. मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा कॉम्प्लेक्स, म्हणजे दोन भागांचा असतो आणि डबल प्रिसिजनमध्ये (जास्त अचूक साठवणीत) त्याला १६ बाइट लागतात. १,००० सेगमेंटला १६ मेगाबाइट, १०,००० ला १.६ गिगाबाइट, १,००,००० ला १६० गिगाबाइट. ही मॅट्रिक्स एलयू फॅक्टरायझेशनने (दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये फोडून) सोडवायला साधारण आठ-तृतीयांश गुणिले एनचा घन इतक्या क्रिया लागतात. १०,००० सेगमेंटसाठी हे २.७ लाख कोटी होतात. सेकंदाला १०० अब्ज क्रिया खरोखर करणारं मशीन असेल तर २७ सेकंद. सेगमेंट दसपट केले की तेच २७ सेकंद साडेसात तासांवर जातात. आणि हा वेळ फक्त एका फ्रिक्वेन्सीचा.

आधी मोजा

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मॅट्रिक्स सोडवणं हेच दुखणं, त्यावरच सगळे कोअर लावावेत. मोठ्या मॉडेलसाठी ते बरोबर आहे. छोट्यासाठी मात्र नाही, आणि बहुतेक लोक चालवतात ती मॉडेल छोटीच असतात.

वरची २१० सेगमेंटची यागीच घ्या. तिची मॅट्रिक्स सोडवायला सुमारे अडीच कोटी क्रिया लागतात. आता तिचा पूर्ण गोलाकार रेडिएशन पॅटर्न एकेक अंशाच्या पायरीने मागितला, तर दिशा होतात ६५,००० च्या आसपास. प्रत्येक दिशेला प्रत्येक सेगमेंटचा वाटा काढून बेरीज करायची, म्हणजे १.३६ कोटी वेळा साइन-कोसाइनसकट गणित करायचं. एकेका वेळी डझनावारी क्रिया होतात. म्हणजे वेळ खातोय पॅटर्न, मॅट्रिक्स नव्हे! इथे समांतर प्रक्रियेची गरजच नाही. पायरी एक अंशाऐवजी पाच अंशांची केली की दिशा पंचवीसपट कमी होतात, आणि यागीचा पॅटर्न पाच अंशांतही व्यवस्थित दिसतो.

म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी प्रोफाइलर (प्रोग्रॅमचा कोणता भाग किती वेळ खातो ते मोजणारं साधन) चालवावा, हे मी आग्रहाने सांगेन. वेळ भरण्यात जातोय, सोडवण्यात जातोय, पॅटर्नमध्ये जातोय की फाइल लिहिण्यात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. जमिनीचा परिणाम अचूक धरायचा असेल तर मॅट्रिक्स भरणंही चांगलंच महाग पडतं, कारण प्रत्येक जोडीसाठी जास्तीची गणितं होतात. अंदाज इथे फार फसवे ठरतात.

सिमेट्रीचंही तसंच. अँटेना एका अक्षाभोवती फिरवल्यावर चार ठिकाणी जशीच्या तशी दिसत असेल, तर एनईसीला ते सांगता येतं. मग मोठी मॅट्रिक्स चार छोट्यांत फुटते आणि सोडवण्याचं काम सोळापट कमी होतं. एका कोअरवर, फुकट. सोळा कोअर लावूनही सोळापट वेग क्वचितच मिळतो, हे ध्यानात घेतलं की या सोयीची किंमत कळते.

एकाच कोअरमधला दडलेला वेग

दुसरी गोष्ट कॅशची. प्रोसेसरच्या पोटात जलद मेमरी असते, पण ती काही मेगाबाइटच. दीड गिगाबाइटची मॅट्रिक्स तिच्यात मावत नाही. जुन्या फोरट्रान कोडमधले साधे लूप मॅट्रिक्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, पुन्हा सुरुवातीला येतात आणि तेच आकडे पुन्हा मुख्य मेमरीतून ओढतात. प्रोसेसरचा बराचसा वेळ आकड्यांची वाट पाहण्यात जातो.

यावरचा उपाय गणितज्ञांनी कधीच शोधून ठेवलाय. मॅट्रिक्सचे चौकोनी ठोकळे करायचे, एक ठोकळा कॅशमध्ये आणायचा आणि त्याच्यावरची जास्तीत जास्त कामं उरकूनच त्याला परत पाठवायचं. लॅपॅक नावाची लायब्ररी हेच करते आणि तिच्याखाली ओपनब्लास किंवा इंटेलची एमकेएल असली की प्रोसेसरच्या एकेका मॉडेलसाठी घासूनपुसून तयार केलेला कोड मिळतो. एनईसीचं मूळ सोडवणारं सबरुटीन काढून त्या जागी लॅपॅकचं बसवलं की मोठ्या मॉडेलवर एकाच कोअरमध्येसुद्धा वेग कित्येक पट वाढतो. शिवाय या लायब्ररी स्वतःच अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवतात, त्यामुळे बाकीचे कोअरही आपोआप कामाला लागतात. जुन्या इंजिनात करायचा एकच बदल निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून हा निवडेन.

जाता जाता: मशीन १६ थ्रेड दाखवत असेल पण खरे कोअर ८ असतील, तर या कामासाठी ८ च धरावेत. एका कोअरवरचे दोन थ्रेड गणिताचं यंत्र वाटून घेतात, आणि लॅपॅक ते यंत्र आधीच पूर्ण राबवत असतं.

सर्वांत बाहेरून तोडा

आता खऱ्या वाटणीकडे. अँटेनाचा अभ्यास सहसा एका फ्रिक्वेन्सीचा नसतो. १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झमध्ये एसडब्ल्यूआर कसा बदलतो ते पाहायचं, म्हणजे तीस-चाळीस फ्रिक्वेन्सी. प्रत्येकीची मॅट्रिक्स वेगळी आणि एकीला दुसरीचं काहीही लागत नाही. वाटणीसाठी याहून सोपं काम नाही. आठ कोअर असतील तर आठ फ्रिक्वेन्सी एकदम चालवा. मध्ये बोलणंचालणं नाही, थांबणं नाही, त्यामुळे वेग जवळजवळ आठपट मिळतो.

ही वाटणी थ्रेडने करायची की वेगळ्या प्रोसेसने (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रतींनी), हा प्रश्न मात्र येतो. एनईसी-२ मधले बहुतेक आकडे कॉमन ब्लॉकमध्ये, म्हणजे साऱ्या प्रोग्रॅमला सामायिक अशा जागेत ठेवलेले आहेत. दोन थ्रेड एकाच वेळी त्या जागेत काम करू लागले तर ते एकाच पाटीवर दोघांनी वेगवेगळी गणितं सोडवण्यासारखं होतं. एकाने लिहिलेली हातची दुसरा पुसतो आणि उत्तर तिसरंच येतं. यालाच डेटा रेस म्हणतात. वेगळ्या प्रोसेसमध्ये हा धोका नाही, कारण प्रत्येकीची मेमरी वेगळी. एक्सनेक२सी हाच मार्ग घेतो: किती प्रोसेस हव्यात ते सुरू करतानाच सांगायचं, आणि तो स्वतःच्या तितक्या प्रती काढून फ्रिक्वेन्सी वाटून देतो. जुन्या कोडची एक ओळही न बदलता हे जमतं. एनईसीच्या इनपुट फाइलचे तुकडे करून साध्या स्क्रिप्टनेही जमतं.

अडचण मेमरीची. १०,००० सेगमेंटच्या आठ प्रती म्हणजे १२.८ गिगाबाइट. मॉडेल आणखी मोठं झालं की प्रती मावेनाशा होतात. मग धोरण उलटं करावं लागतं: एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी घ्यायची आणि सगळे कोअर तिच्याच मॅट्रिक्सवर लावायचे.

दोन्ही एकदम करणं हा नेहमी आढळणारा गोंधळ. आठ प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीतल्या ओपनब्लासने आपले आठ थ्रेड काढले, की ६४ थ्रेड आठ कोअरसाठी भांडू लागतात आणि काम एरवीपेक्षा हळू होतं. लोक म्हणतात समांतर प्रक्रियेचा काही उपयोग नाही. उपयोग आहे, फक्त फ्रिक्वेन्सी वाटून दिल्या असतील तर लायब्ररीला एकाच थ्रेडवर बांधून ठेवायचं. त्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू करण्याआधी द्यायची सेटिंग) पुरतो.

ऑप्टिमायझेशनलाही हेच लागू. जेनेटिक अल्गोरिदममध्ये (चांगल्या रचना निवडून, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी घडवणाऱ्या पद्धतीत) एका पिढीत शेकडो अँटेना तपासायच्या असतात आणि प्रत्येकीचं सिम्युलेशन स्वतंत्र असतं. नासाच्या एम्स केंद्राने एसटी-५ मोहिमेसाठी अशाच उत्क्रांतीच्या पद्धतीने अँटेना घडवली, परीक्षक होता एनईसी-४, म्हणजे एनईसी-२ ची पुढची आवृत्ती. वाकड्यातिकड्या तारांची ती अँटेना २००६ साली खरोखर अवकाशात गेली. कुणा माणसाने हाताने रेखाटली नसती अशी ती आकृती आहे. इतके उमेदवार तपासता येणं हीच या सगळ्या वेगाची खरी कमाई, असं मला मनापासून वाटतं.

एकाच मॅट्रिक्सच्या आत शिरायचं तर

बाहेरून तोडण्यासारखं काही उरलं नाही की आत शिरावं लागतं. मॅट्रिक्स भरणं त्यातल्या त्यात सोपं: प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे. ओपनएमपीमध्ये (कोडमध्ये सूचना लिहून काम थ्रेडमध्ये वाटण्याच्या सोयीत) लूपच्या डोक्यावर एक सूचना लिहिली की ओळी थ्रेडमध्ये वाटल्या जातात. पण आधी कॉमन ब्लॉकमधली कामचलाऊ व्हेरिएबल एकेक शोधून प्रत्येक थ्रेडला त्याची स्वतःची प्रत द्यावी लागते. एखादं जरी सुटलं तरी डेटा रेस होते, आणि ती दर वेळी दिसेलच असं नाही. तेच मॉडेल पाच वेळा बरोबर येतं आणि सहाव्यांदा इम्पीडन्स भलताच. अशी चूक शोधणं फार कष्टाचं असतं.

आणि मग अ‍ॅमडालचा नियम. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा साधा आहे: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. प्रोग्रॅमचा ५ टक्के वेळ इनपुट वाचणं, भूमिती जुळवणं, निकाल लिहिणं अशा एकेरी कामात जात असेल, तर १६ कोअरवर वेग ९.१ पट मिळतो. हजारो कोअर लावले तरी वीसपटीच्या वर तो जात नाही. तासाचं काम चार मिनिटांत का उरकत नाही, त्याचं उत्तर यात आहे.

मॅट्रिक्स एका मशीनच्या मेमरीत मावत नसेल तर ती अनेक मशीनवर पसरावी लागते आणि तिथे एमपीआय (मशीनमशीनमध्ये निरोप पाठवण्याची पद्धत) लागतं. एलयूचं काम एका कोपऱ्यातून सुरू होऊन समोरच्या कोपऱ्याकडे सरकतं. मॅट्रिक्सचे सरळ चार मोठे भाग करून चार मशीनना दिले, तर पहिल्या कोपऱ्याच्या मशीनचं काम लवकर संपतं आणि ते बसून राहतं. म्हणून स्कॅलॅपॅक लायब्ररी लहान लहान ठोकळे आळीपाळीने वाटते, म्हणजे शेवटपर्यंत प्रत्येकाच्या हाती काहीतरी उरतं.

जाळीची पद्धत: इथे हिशोब वेगळा

पॅच अँटेना, प्लास्टिकच्या खोक्यातली अँटेना, माणसाच्या डोक्याजवळचा फोन, अशा गोष्टींसाठी बहुधा एफडीटीडी वापरतात. केन यी यांनी १९६६ साली मांडलेली ही पद्धत. सगळी जागा बारीक घनाकार खान्यांत विभागायची आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्र काळाच्या छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकवत न्यायचं. ओपनईएमएस हे या पद्धतीचं मोफत सॉफ्टवेअर.

इथे मॅट्रिक्स सोडवणं नाही. प्रत्येक खान्याला फक्त शेजाऱ्यांचे आकडे लागतात. वाटून द्यायला सोपं वाटतं आणि आहेही, पण अडतं ते मेमरीच्या वेगावर. प्रत्येक दिशेला २०० खाने म्हणजे ८० लाख खाने. प्रत्येकात क्षेत्राचे ६ आकडे, प्रत्येकी ४ बाइट: १९२ मेगाबाइट. दर पायरीला हे सगळं वाचायचं आणि पुन्हा लिहायचं, म्हणजे किमान ३८४ मेगाबाइटची ने-आण. २०,००० पायऱ्या धरल्या तर ७.७ टेराबाइट! दोन चॅनलची डीडीआर४-३२०० मेमरी कागदोपत्री सेकंदाला ५१.२ गिगाबाइट देते, प्रत्यक्षात ४० मिळाले तरी तीन मिनिटं फक्त वाहतुकीत जातात. गणित स्वतः किरकोळ असतं. म्हणून घरच्या संगणकावर चार-पाच कोअर लावले की मेमरीचा मार्ग भरतो आणि पुढचे कोअर लावून फरक पडत नाही. सॉफ्टवेअर वाईट लिहिलंय असं वाटतं, पण दोष त्याचा नसतो.

ग्राफिक्स कार्ड इथे कमाल करतं ते यामुळेच. चांगल्या कार्डाची मेमरी सेकंदाला शेकडो गिगाबाइट देते, मोठ्या डेटा सेंटरमधल्या कार्डांची २ टेराबाइटच्या वर. शिवाय एफडीटीडीला सिंगल प्रिसिजन पुरतं. मेथड ऑफ मोमेंट्सला मात्र बरेचदा डबल प्रिसिजन हवं असतं, आणि गेमिंगच्या बऱ्याच कार्डांवर डबलचा वेग सिंगलच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्शाइतकाच असतो. कार्ड विकत घेण्याआधी आपलं सॉफ्टवेअर कोणत्या जातीचं आहे ते बघावं.

अनेक मशीनवर एफडीटीडी चालवताना जागेचे तुकडे करतात आणि दर पायरीला तुकड्यांच्या कडांवरचे आकडे शेजाऱ्याला पाठवतात. १०० खान्यांच्या घनात दहा लाख खाने असतात आणि कडेचे सुमारे साठ हजार, म्हणजे ६ टक्के. तुकडे ५० खान्यांचे केले की हेच प्रमाण १२ टक्क्यांवर जातं. तुकडे जितके बारीक तितकं निरोप पाठवण्यात जास्त आणि कामात कमी.

दोन्ही पद्धतींतला एक फरक वाटणी ठरवताना फार उपयोगी पडतो. मेथड ऑफ मोमेंट्समध्ये एकदा मॅट्रिक्स सोडवली की त्याच फ्रिक्वेन्सीला दुसऱ्या पोर्टमधून (अँटेनाला सिग्नल देण्याच्या जागेतून) फीड देऊन पाहणं स्वस्त पडतं, पण नवी फ्रिक्वेन्सी म्हणजे सगळं पहिल्यापासून. एफडीटीडीमध्ये उलट. एकाच धावेत फ्रिक्वेन्सीचा रुंद पट्टा मिळतो, पण प्रत्येक पोर्टसाठी नवी धाव. म्हणून आठ पोर्टच्या अ‍ॅरेचा (अनेक अँटेनांच्या समूहाचा) अभ्यास असेल तर पहिल्या पद्धतीत फ्रिक्वेन्सी वाटून द्याव्यात आणि दुसऱ्या पद्धतीत पोर्ट.

राहिला प्रश्न निकालाचा. अनेक थ्रेडवर बेरजेचा क्रम बदलतो, आणि संगणकातल्या दशांश आकड्यांची बेरीज क्रमावर अवलंबून असते. त्यामुळे एका कोअरवरचा इम्पीडन्स आणि आठ कोअरवरचा इम्पीडन्स यांत शेवटचा एखाददुसरा अंक वेगळा येऊ शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या अंकालाच फरक पडत असेल तर मात्र थांबावं: एकतर डेटा रेस आहे किंवा मॉडेलच नाजूक आहे. ते ओळखायला एक जुनी चाचणी आहे. तारा विनारोधाच्या धरून, जमीन काढून, मोकळ्या अवकाशात मॉडेल चालवायचं आणि सर्व दिशांचा सरासरी गेन (एखाद्या दिशेला किती शक्ती जाते त्याचं माप) पाहायचा. आत गेलेली सगळी शक्ती बाहेर पडली पाहिजे, म्हणून तो १ यायला हवा. एका कोअरवरच तो १ पासून लांब असेल तर मॉडेल सुधारावं. तिथे १ येतोय आणि आठ कोअरवर हलतोय, तर सुटलेलं व्हेरिएबल शोधायला लागावं.